सासूबाईंचा नाकतोडा

लग्न होऊन मी पुण्याहून पनवेलला आले, त्या पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांनी मला बाजूला घेतलं आणि घरातला सगळ्यांत महत्त्वाचा नियम सांगितला. मला वाटलं, पाणी कधी येतं किंवा शेजाऱ्यांशी किती बोलायचं यातलं काहीतरी असेल. ते म्हणाले, "सूनबाई, हिच्याशी काही बोलायचं असेल तर आधी गळ्याकडे बघायचं. नाकतोडा बसलेला असेल तर बोलायचं. उडत असेल तर पिशवी घ्यायची आणि भाजी आणायला जायचं."

मी हसले. नव्या सुनेला हसवायची ही त्यांची रीत असावी असं मला वाटलं. दुसऱ्याच दिवशी दूधवाल्याने पाणी घातलेलं दूध दिलं आणि सासूबाई दारात उभ्या राहून त्याच्याशी बोलू लागल्या. आवाज अगदी खालचा, चेहरा शांत. पण गळ्याखाली, दोन हाडांच्या मधोमध जो खळगा असतो ना, त्यात काहीतरी टुणटुण उडत होतं. त्यांचं मंगळसूत्र आखूड होतं आणि त्याच्या वाट्या नेमक्या त्या खळग्यावर टेकायच्या, त्यामुळे त्याही तालात हलत होत्या. मागे वळून बघितलं तर सासरे पायात चपला सरकवत होते आणि त्यांच्या हातात पिशवी होती.

माझ्या नवऱ्याने आणि नणंदेने परीक्षेचे निकाल, फुटलेल्या बरण्या, पिक्चरला जायची परवानगी, सगळं काही लहानपणापासून त्या नाकतोड्याला विचारून केलं होतं. आमच्या लग्नाची गोष्टदेखील नवऱ्याने म्हणे तो बसलेला बघूनच काढली होती. आणि समजा कुणाला गळा दिसला नाही, पदराआड राहिला, तर दुसरी खूण होतीच. सासूबाई मूळच्या पनवेलजवळच्या आपटा गावच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. लग्नानंतर पनवेलात राहून, सासऱ्यांच्या ऑफिसातल्या बायकांबरोबर हळदीकुंकू करून त्यांनी भाषा पार घासूनपुसून घेतली होती. पण राग आला की ती थेट आपट्याच्या एसटीत बसायची. "मी नाही म्हणाले" चं "आमी नाय बोललो" झालं की समजायचं, आता भाजी आणायलासुद्धा उशीर झालाय.

नाकतोडा हे नाव सासऱ्यांनीच ठेवलेलं. सासूबाईंना ते माहीत होतं का? मी एकदा नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "आईला माहीत नाही असं या घरात काही नसतं. फक्त ती दाखवत नाही."

त्यांच्या मानेत उजव्या बाजूला गाठ होती हे मात्र त्यांनी कुणालाच, अगदी स्वतःलाही, बरेच दिवस कळू दिलं नाही. ती वाढत गेली तसं आधी "अंगाने जरा भरलेय" झालं, मग "शिंपी मेला ब्लाउजचा गळा लहान शिवतो" झालं. गिळताना अडकायला लागलं तेव्हा तांदळात दोष निघाला. आम्ही सगळे डॉक्टर, डॉक्टर म्हणून घसा कोरडा करत होतो आणि त्या ढिम्म हलत नव्हत्या. शेवटी त्यांना हलवलं ते एका व्हिडिओ कॅसेटने. तेव्हा लग्नाचं शूटिंग करायची नवीनच टूम आली होती आणि शेजाऱ्यांच्या मुलीच्या लग्नाची कॅसेट बघायला अख्खी गल्ली एका खोलीत कोंबून बसली होती. पंगतीत वाढणाऱ्या सासूबाई पडद्यावर बाजूने दिसल्या. दिसल्या म्हणजे आधी गाठ दिसली आणि मग सासूबाई. घरी येताना त्या म्हणाल्या, "उद्या जाऊ या का त्या डॉक्टरकडे?" जीव घुसमटत होता तेव्हा नाही, कॅसेटमध्ये दिसलं तेव्हा. पण मी त्यांना हसणार नाही. त्याच कॅसेटमध्ये मी स्वतःचं नाक बघितलं होतं.

डॉक्टर बाजारपेठेच्या मागे बसायचे. तरुण, हुशार, मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात शिकून आलेले, आणि फार सभ्य. सासऱ्यांनी सकाळपासून घरात फर्मान काढलं होतं, की काहीही होवो, तपासून होईपर्यंत हिला राग येता कामा नये, नाहीतर रिक्षा अर्ध्यातून वळेल. त्यामुळे चहा त्यांना हवा तसा झाला, रिक्षावाल्याने सांगितलेले पैसे निमूट दिले, आणि डॉक्टरांसमोर सासूबाई ध्यानाला बसल्यासारख्या शांत बसल्या. डॉक्टरांनी पाण्याचा घोट घ्यायला सांगितला, मागे उभं राहून दोन्ही हातांनी गळा चाचपला. परक्या पुरुषाचा हात गळ्याला लागतोय म्हटल्यावर सासूबाईंनी काय केलं, तर पदर आणि मंगळसूत्र एकत्र मुठीत धरलं आणि ती मूठ गळ्याच्या खळग्यात घट्ट दाबून ठेवली. आमच्याकडच्या बायकांची ही मूठ मी पुढे पुष्कळदा पाहिली. डोळे तपासायला गेल्या तरी मूठ तिथेच असते. आणि डॉक्टर इतके सभ्य, की ती मूठ बाजूला करा असं म्हणण्यापेक्षा त्यांनी मुठीच्या वरवरच तपासलं.

रक्त तपासलं, गाठीत सुई घालून तीही तपासली. गाठ वाईट नव्हती, पण श्वासनळीला रेटत होती. काढायला हवी, असं डॉक्टर म्हणाले.

ॲडमिट व्हायचं ते ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी. सासूबाई नवीन पातळ नेसून, दारातल्या तुळशीला पाणी घालून, जणू माहेरपणाला निघाल्यासारख्या निघाल्या. हॉस्पिटलात त्यांनी कॉट बघितली, चादर बदलून घेतली, शेजारच्या पेशंटची सगळी चौकशी केली. आणि मग नर्सबाई आल्या. "आजी, अंगावरचं सगळं काढून ठेवा. मंगळसूत्रपण."

बांगड्यांपर्यंत ठीक होतं. मंगळसूत्राचं नाव निघाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "ते राहू दे."

"राहू दे कसं? ऑपरेशन गळ्याचंच आहे."

सासूबाईंनी त्याचीही तयारी करून आणली होती. पिशवीतून पिवळा दोरा काढला, त्यात हळकुंड ओवलेलं. मंगळसूत्र तुटलं, वाढवलं, तर तेवढ्यापुरतं गळ्यात हे बांधायचं, गळा मोकळा ठेवायचा नाही. नर्सबाई म्हणाल्या की दोराही चालणार नाही, फार तर मनगटाला बांधा. सासूबाई एकदा त्यांच्याकडे, एकदा समोर उभ्या असलेल्या सासऱ्यांकडे बघायला लागल्या. नवरा धडधाकट समोर उभा आणि बाईने मोकळा गळा घेऊन झोपायचं. मंगळसूत्र त्यांनी काढलं, माझ्या हातात दिलं, दोरा मनगटाला बांधून घेतला. पण बोलल्या एवढंच, "आमच्यात असं नाय करत."

नाय. मी सासऱ्यांकडे बघितलं. सासरे गळ्याकडे बघत होते. इतक्या वर्षांत तो गळा त्यांनी असा उघडा, भर दुपारच्या उजेडात, बहुधा पाहिला नव्हता. वाट्या नव्हत्या, पदर नव्हता, मूठ नव्हती, आणि खळग्यात तो मस्त टुणटुण उडत होता. सासरे सवयीने माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "नाकतोडा! चल, भाजी आणू या."

मला हसू फुटलं. अशा ठिकाणी फुटतं तसं, दाबलं तर नाकातून येणारं. नेमक्या त्याच वेळी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई तपासायला आल्या. त्यांनी विचारलं, "काय झालं एवढं हसायला? मलाही सांगा."

आता काय सांगणार? सासूबाई माझ्याकडे अशा बघत होत्या, की भाजी आणायला जावं आणि परत येऊच नये असं मला वाटलं. पण बाई हसऱ्या होत्या आणि मी हसण्याच्या भरात सांगून टाकलं, की यांना राग आला की गळ्यात नाकतोडा उडतो, आमचं अख्खं घर तो बघून चालतं.

डॉक्टरीणबाईही हसल्या. हसत हसत खाली वाकल्या, बघितलं, आणि खळग्यात दोन बोटं टेकवली. बोटं तिथेच राहिली. हसू गेलं. "हे किती वर्षांपासून आहे?" त्यांनी विचारलं, आणि उत्तर न ऐकताच नर्सबाईंना म्हणाल्या, "सरांना बोलवा. आत्ता."

डॉक्टर आले तोपर्यंत सासूबाई घाबरल्या होत्या, आणि घाबरल्यावर त्या फार गोड होत. नाकतोडा बसला होता. डॉक्टरांनी बोट ठेवलं, मान मागे करायला लावली, पुन्हा बोट ठेवलं. "लागतंय काहीतरी," ते म्हणाले, "पण नीट कळत नाही. राग आल्यावर जास्त दिसतं म्हणता? मग मला एकदा तसं दाखवा."

"काय दाखवा?" माझ्या नवऱ्याने विचारलं.

"आईंना राग आणा."

सगळी हयात ज्यांनी त्यांना राग येऊ नये म्हणून घालवली, त्या आम्हाला कुणी असं काही सांगेल हे स्वप्नातही आलं नव्हतं. नवरा म्हणाला, "आई, तुझी आमटी खारट असते." त्या म्हणाल्या, "असेल रे बाळा." मी धीर करून म्हणाले, "आई, मला तुमच्या हाताखाली स्वयंपाक करायला आवडत नाही." त्या म्हणाल्या, "कुणाला आवडतं गं?" आणि डॉक्टरांकडे बघून अशा गोड हसल्या की बघणाऱ्याला वाटावं, आम्हीच दुष्ट. डॉक्टरांचं बोट तसंच टेकलेलं.

मग सासऱ्यांनी चष्मा काढला. तो पुसला, पुन्हा लावला. त्यांना उत्तर माहीत होतं, नुसतं तोंडातून निघत नव्हतं. दर वर्षी सासूबाईंचा भाऊ आपट्याहून जिताडा घेऊन यायचा. मोठा, चांदीसारखा, केळीच्या पानात गुंडाळलेला. आमच्या भागात जिताडा नुसता खायचा मासा नाही, तो मान असतो. साहेबाला द्यायचा, व्याह्याला द्यायचा, बहिणीला द्यायचा. मी पुण्याची, शाकाहारी घरातून आलेली, पण मलाही पहिल्या वर्षातच कळलं होतं की त्या माशाबद्दल तोंड सांभाळायचं.

सासरे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "गेल्या वेळी तुझ्या भावाने आणलेला जिताडा शिळा होता."

"काय बोललात?" सासूबाई उठून बसल्या. "शिळा? माझ्या भावाचा जिताडा शिळा? पाटे पाटे पाण्यातून काडून एष्टीत उबा राहून आला तो, आन तुमी दोन दोन तुकडे मागून खाल्लात, तवा नाय दिसला शिळा? आमी गरीब हाव पन शिळं नाय देत कोनाला!"

"बास, बास, मावशी!" डॉक्टर म्हणाले. "कळलं मला." त्यांचं बोट टकटक वर उचललं जात होतं, आम्हा सगळ्यांना दिसत होतं. त्यांचा चेहरा उतरला होता. सासूबाई मात्र थांबायला तयार नव्हत्या, त्यांना भाऊ कोणत्या गाडीने आला होता तेही सांगायचं होतं.

दुसऱ्या दिवशीचं ऑपरेशन रद्द झालं. तेव्हा सीटी स्कॅन म्हणजे मुंबईच, म्हणून आम्ही भाड्याची गाडी करून गेलो. फोटो आल्यावर डॉक्टरांनी आम्हाला बोलावलं आणि औषधं लिहायच्या कागदावर चित्र काढून समजावलं. हृदयातून एक मोठी रक्तवाहिनी निघते, उजव्या हाताला आणि डोक्याला रक्त नेणारी. माणसाची ती छातीच्या हाडामागे, खाली, सुरक्षित असते. सासूबाईंची जन्मापासूनच वर चढून आली होती आणि श्वासनळीच्या पुढून, गळ्याच्या खळग्यातून, अगदी कातडीखालून पलीकडे जात होती. अशी असणं हा काही आजार नव्हे. बाई म्हातारी होऊन मरेपर्यंत कुणाला कळलंही नसतं.

"पण मी इथे काप घेणार होतो," डॉक्टर स्वतःच्या गळ्यावर बोट ओढून म्हणाले, "आणि मग कातडी सोडवत इथपर्यंत खाली येणार होतो." बोट खळग्यात येऊन थांबलं.

त्या वर्षी आमच्या गल्लीत टेलिफोनच्या तारा टाकायला खणत होते आणि पाण्याचा पाइप दोनदा फुटला होता. सासरे म्हणाले, "म्हणजे आमच्या गल्लीसारखं. नकाशात पाइप पलीकडे, आणि खणल्यावर अलीकडे."

"अगदी तसंच काका. फक्त इथे धावत जाऊन नळ बंद करायला वेळ मिळत नाही."

सासरे हो, हो म्हणाले, हसलेसुद्धा. बाहेर आल्यावर दवाखान्याच्या पायरीवर बसले ते उठेचनात. मी पाणी आणून दिलं. ते म्हणाले, "इतकी वर्षं मी ज्याला हसत होतो ना, ते तिचं मरण होतं गं."

मी म्हणाले, "बाबा, तुम्ही हसत होतात म्हणून तर ते कळलं." पण हे त्यांना पटलं नाही. काही गोष्टी सुनेने सांगून पटत नाहीत.

ऑपरेशन मुंबईला झालं. आमचेच डॉक्टर त्यांच्या जुन्या गुरूंबरोबर उभे होते आणि रक्तवाहिन्यांचं काम करणारे एक सर्जन शेजारी तयार होते. बाहेरच्या बाकावर बसून मला इतकी भीती वाटली, जितकी पुढे माझ्या स्वतःच्या बाळंतपणातही वाटली नाही. सासरे सासूबाईंचं मंगळसूत्र रुमालात बांधून मुठीत धरून बसले होते. गाठ निघाली. ती रक्तवाहिनी त्यांनी आधी शोधून, सांभाळून बाजूला ठेवली, असं डॉक्टरांनी सांगितलं. आवाज शाबूत होता. शुद्धीवर आल्यावर सासूबाईंनी पहिलं काय विचारलं, तर भावाला कळवलंत का.

आता सगळं सुरळीत व्हायला हवं होतं. पण घरी आल्यावर आम्हीच बिघडलो. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, की त्या हव्या तेवढ्या रागावू देत, रागावण्याने काही होत नाही. ते ऐकलं कुणी? सासूबाई म्हणतील त्याला हो. नवरा ऑफिसातून वेळेवर घरी. मी भाजीत मीठ घालायला विसरले, तर सासऱ्यांनी ती मीठ न मागता खाल्ली आणि छान झाली म्हणाले. नाकतोडा हा शब्द घरातून हद्दपार. सासरे तर त्यांच्या गळ्याकडे बघायचंच टाळायचे, बोलताना भिंतीवरच्या कॅलेंडरशी बोलायचे. आमचं ते हसतंखेळतं घर दुखवट्याच्या घरासारखं झालं.

एका सकाळी मी तांदूळ निवडत होते. सासूबाई शेजारी येऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "मला एक खरं सांगशील?"

"काय आई?"

"डॉक्टरांनी तुम्हाला काही सांगितलंय का? मी जगणार नाय का?"

मी निवडायची थांबले. "असं काय बोलता? गाठ साधी होती. सगळं नीट झालंय."

"मग मला कोनी हसत का नाय?" त्यांचे डोळे भरून आले होते. "हे तर माझ्याकडे बघत पन नाईत. मरनाऱ्या मानसाशी वागतात तसे वागता तुमी सगळे."

रागाशिवाय त्यांची भाषा आपट्याला गेलेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. मला फार वाईट वाटलं. मी शपथा घेतल्या, कागद दाखवले, डॉक्टरांकडे पुन्हा चला म्हटलं. त्यांनी नुसती मान हलवली. त्यांना हवा होता तो पुरावा माझ्याकडे नव्हता.

त्याच आठवड्यात त्यांचा भाऊ बहिणीला बघायला आला, आणि येताना अर्थातच रिकाम्या हाताने आला नाही. एवढा मोठा जिताडा मी तोवर पाहिला नव्हता. भाऊ चहा घेऊन दुपारच्या एसटीने परत गेला. सासूबाईंनी आजारपणानंतर पहिल्यांदा पदर खोचला, कुणाला जवळ येऊ दिलं नाही, आणि स्वतः कालवण केलं. पानं वाढली. सासऱ्यांनी पहिला घास घेतला.

"कसा आहे?" सासूबाईंनी विचारलं.

"छान," सासरे कॅलेंडरला म्हणाले.

"नीट सांगा."

"छान आहे म्हटलं ना."

सासूबाईंनी पळी भांड्यात ठेवली. सासऱ्यांसमोर जाऊन पाटावर बसल्या आणि वाट बघत राहिल्या. नवरा माझ्याकडे बघायला लागला, मी ताटाकडे. सासऱ्यांनी अखेर मान वर केली. कितीतरी दिवसांनी त्यांनी बायकोकडे सरळ बघितलं, आणि त्यांना कळलं असावं की ती काय मागतेय. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"शिळा आहे," ते म्हणाले.

"शिळा?" सासूबाई म्हणाल्या. "सकाळी पाण्यात व्हता तो! माझ्या भावानं आनलेला—" आणि तिथे थांबल्या. मग त्यांनी, त्या पहिल्या तपासणीत डॉक्टरांसमोरही जी मूठ सोडली नव्हती त्याच हाताने, पदर बाजूला केला, मंगळसूत्र दोन बोटांनी वर उचललं, आणि हनुवटी उंच करून नवऱ्यासमोर गळा धरला. ऑपरेशनची लाल रेघ, आणि तिच्याखाली, खळग्यात, टुणटुण, टुणटुण.

"बगा," त्या म्हणाल्या. "हाय ना नाकतोडा जागेवर?"

हे नाव त्यांच्या तोंडून आम्ही कधीच ऐकलं नव्हतं. सासरे बघत राहिले, कितीतरी वेळ, हातातला घास हातातच.

"आहे," ते म्हणाले. मग डोळे पुसले आणि जिताड्याचा आणखी एक तुकडा मागून घेतला.